दहा मिनिटांत सतरा

"सतरा?" सिस्टरांनी फॉर्म जाऊबाईंच्या नाकासमोर धरला. "दहा मिनिटांत सतरा मधमाश्या? ताई, खरं सांगा."

शेजारच्याच घरात राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई काकडीच्या वेलाला पाणी घालत होत्या. पाइप जराही हलला नाही.

"मोजलं ते लिहिलं."

सिस्टरांनी डोळे मिटले. हॉस्पिटलातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणत होती. तापाच्या तक्त्यावर त्यांनी कधी अर्धा आकडाही पदरचा घातला नव्हता. आणि आज हे गल्लीभर वाटलेले मधमाश्या मोजायचे फॉर्म? शिंपिणीने गेल्या रविवारचं आठवून लिहिलेलं. मास्तरांनी घरमाश्याही धरलेल्या. बँकवाल्यांनी 'अंदाजे नऊ'. शून्य लिहायला एकाचाही हात धजत नव्हता, जणू शून्य लिहिलं की बागेची अब्रूच गेली! उद्यान खात्याने साफ सांगितलं होतं, मधमाश्या उरलेल्या नाहीत असं दिसलं तरच कुंपणावरची दर शनिवारची कीटकनाशकाची फवारणी थांबवू. फॉर्म बारापर्यंत पोचवायचे होते. असले आकडे बघून खातं उलट स्वतःची पाठ थोपटेल आणि पुन्हा फवारेल.

"बसा," सिस्टर म्हणाल्या. "आत्ता माझ्यासमोर मोजा."

दोघी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या. सिस्टरांनी घड्याळ लावलं. पिवळी फुलं उन्हात टक्क उघडी होती. एक मुंगी आली नि गेली.

"ती बघ!"

"ताई, ती घरमाशी आहे."

दहा मिनिटं झाली. एकही नाही.

"मग सतरा आणल्या कुठून?"

जाऊबाईंनी गाऊनच्या खिशातून रंगकामाचा बारीक ब्रश काढला. त्याच्या टोकाला पिवळी पूड होती.

"सतरा फुलं होती. सतराही मीच केली. नरफुलाची पूड मादीफुलाला लावायची, नाहीतर काकडी धरणार कशी? दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं! आणि हे तुम्ही मला आज सांगताय? मी सकाळपासून दारोदार डोकं फोडतेय!"

"तू चिडतेस म्हणून नाही सांगितलं."

सिस्टर खरोखरच भयंकर चिडल्या होत्या. त्यांची नजर भिंतीपलीकडे बँकवाल्यांच्या लगडलेल्या वेलावर गेली. माश्या नाहीत तर या काकड्या काय आकाशातून पडल्या, असं विचारून त्यांनी सकाळीच सिस्टरांचं तोंड बंद केलं होतं.

"त्यांचाही वेल तुम्हीच?"

"भिंतीवरून हात पोचतो. त्यांच्या बायकोला बोलू नकोस हं, तिला वाटतं तिच्या खताची करामत."

"आणि माझ्या वेलाला पाच लागल्यात त्या?"

जाऊबाई ब्रश पुसत राहिल्या.

सिस्टरांचा स्वतःचा फॉर्म गठ्ठ्यात तळाशी होता. त्यावर 'दोन' लिहिलं होतं. दिसली एकही नव्हती. पण पाच काकड्या लागल्यात म्हणजे दोन तरी येत असणारच, असं त्यांनी धरलं होतं. त्यांचे कान गरम झाले. त्यांनी दोन खोडून शून्य केलं आणि पेन जाऊबाईंपुढे धरलं.

"शून्य? माझ्या बागेला?"

"हो."

जाऊबाईंनी सतरा खोडलं. मग कोपऱ्यात इवलंसं शून्य काढलं.

"फवारणी थांबली की लगेच येतील माश्या?"

"लगेच कशा? वर्ष जाईल. कदाचित दोन."

"एवढे माझे गुडघे पुरायचे नाहीत. आता ज्याची फुलं त्याने ब्रश धरायचा." खुर्चीच्या हातावर जोर देऊन त्या उठल्या. "आण बाकीचे फॉर्म. काकड्या कुणी धरवल्या हे कळल्याशिवाय कुणी आपला आकडा खोडणार नाही."

"अहो, पण सगळ्यांना कळेल."

"कळू दे. गुडघ्यांपुढे कसली आलीय अब्रू?"

बँकवाल्यांच्या फाटकाची कडी जाऊबाईंनीच वाजवली. ब्रश त्यांच्या हातातच होता.