भर दुपारचं जागरण

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या आठवड्यातला राग वेगळा होता. त्यात भीती मिसळलेली होती, आणि भीती वाटली की माझा आवाज आणखीच चढतो.

आमची बेकरी आहे. खाली भट्टी आणि दुकान, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. हे रात्री भट्टीवर, मी दिवसा दुकानात. यांना सगळे उस्ताद म्हणतात. पहाटे मी खाली उतरते तेव्हा पाव तयार असतात. आम्ही चहा घेतो आणि हे वर जाऊन झोपतात. संध्याकाळी हे उठतात, जेवणं होतात आणि मी वर जाते. लग्न झाल्यापासून एका गादीवर आम्ही असे पाळीपाळीने झोपत आलो. तुम्हाला एक मुलगी झाली हाच चमत्कार, असं माझी धाकटी बहीण म्हणते. भट्टी अधूनमधून दुरुस्तीला बंद असायची त्याचे उपकार, असं मी तिला सांगते.

एकमेकांच्या झोपेवरून आमची रोजची चेष्टा. हे झोपून उठले की चादरीचा नुसता बोळा झालेला असतो. "मी बघा," मी म्हणायची, "झोपते तशी उठते. पांघरूण एवढंसंही हलत नाही." हे नुसते मिशीत हसायचे आणि खाली जायचे.

भट्टीच्या बाजूच्या भिंतीवर एक कॅलेंडर आहे. यीस्टवाल्या कंपनीने कधीकाळी दिलेलं. त्यावरचे महिने केव्हाच संपले, पण यांनी ते काढू दिलं नाही. निळं पाणी, वाकडं नारळाचं झाड, आणि झाडाखाली दोन रिकाम्या खुर्च्या. खाली त्या बेटाचं नाव छापलेलं होतं, ते धुराने काळं पडलं. कॅरिबियन एवढंच वाचता येतं. "इथे एकदा बसायला पाहिजे," असं हे वर्षातून एकदा तरी म्हणायचे, आणि मी म्हणायची, "बसा की, मैद्याच्या पोत्यावर बसून डोळे मिटा."

मग आमची लेक प्रवास कंपनीत नोकरीला लागली. पुढे स्वतःचंच छोटं ऑफिस थाटलं. एक दिवस येऊन म्हणाली, "आई, तुम्हा दोघांना मी पाठवते त्या कॅलेंडरात." मी आधी उडवून लावलं. मग त्या रात्री मलाच लवकर झोप येईना. मला समुद्राचं फार कौतुक आहे असं नाही. मला यांच्याबरोबर एकदा उजेडात बसायचं होतं, दोघंही जागे असताना, हातात काही काम नसताना. एवढ्या वर्षांत ते राहूनच गेलं होतं. या वयात हे कुणाला सांगायचीही लाज वाटते, पण होतं ते तेच होतं.

"तिकडे शेकड्यांनी बेटं आहेत गं, कुठलं घेऊ?" लेकीने विचारलं.

"वाकडं झाड असलेलं बघ," मी म्हटलं.

आमचं सगळं ठरवणं दुकानाच्या काउंटरवर झालं. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की लेक यायची, फोनवर फोटो दाखवायची. समुद्राजवळची खोली की टेकडीवरची, मध्ये विमान कुठे बदलायचं, तिकडचं ऊन सोसेल का, सगळं. एकदा तिने गोल पाव उचलून बल्बसमोर धरला आणि सांगितलं की आपण या बाजूला, ते बेट जवळजवळ त्या बाजूला. आपल्याकडे रात्र असते तेव्हा तिकडे लख्ख दिवस. मी म्हटलं, पाव खाली ठेव, विकायचा आहे.

हे सगळं चालायचं तेव्हा उस्ताद वर झोपलेले. संध्याकाळच्या जेवणात मी काय ठरलं त्यातलं थोडं सांगायची, तेही आठवेल तसं. हे मान डोलवायचे. लेकीने बजावलं होतं, शुक्रवारी पक्कं सांगा, त्यानंतर खोली हातची जाईल.

पासपोर्टच्या फोटोला मात्र यांना दिवसा बाहेर पडावं लागलं. तिथे गंमतच झाली. फोटोवाला म्हणायचा, "काका, डोळे उघडा," आणि हे म्हणायचे, "उघडेच आहेत." दरवेळी फोटोत डोळे मिटलेले. उजेड पडला की यांच्या पापण्या आपोआप खाली येतात, त्याला हे तरी काय करणार. एक फोटो कसाबसा जमला तोपर्यंत फोटोवाला रडकुंडीला आला. आणि माझ्या जिभेला हाड आहे कुठे. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तिकडे जाऊनही हेच करा. मी एकटी समुद्र बघते, तुम्ही शेजारी घोरत पडा."

फोटोवाला हसला, मीही हसले. हे हसले का, ते मी बघितलं नाही.

त्यानंतर पावांची वाट लागली. पहिल्यांदा मीठच पडलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला इतकं पडलं की आमचे रोजचे मास्तर, जे निवृत्त झाल्यापासून दुकानात उभे राहूनच पेपर वाचतात, ते पाव परत घेऊन आले. "वहिनी, उस्तादांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, तुमची जीभ बिघडली असेल. मास्तर गेल्यावर मी तुकडा तोंडात टाकला आणि थुंकून दिला. मग एक आख्खी खेप करपली. यांच्या हातून पाव करपला हे मी ऐकलंही नव्हतं, बघणं तर लांबच. पहाटे खाली उतरले तर हे परातीशेजारी उभे, डोळे लाल, मनगटावर भाजल्याचा चट्टा.

"काय होतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? माणूस उभ्या उभ्या पेंगतोय."

"चहा टाक," हे म्हणाले.

मला दोन गोष्टी सुचल्या. एक म्हणजे आजार. दुसरी म्हणजे यांना यायचंच नाही. भट्टी बंद ठेवायची कल्पनाच सोसवत नसेल, की माझ्याबरोबर नुसतं बसायची कल्पना? आम्ही आयुष्यभर बोललो ते मैदा किती, ट्रे किती, लेकीला ताप किती. तिथे खुर्चीत बसून बोलणार तरी काय, असं वाटलं असेल यांना. मलाही कधीकधी तसं वाटत होतं, पण मी ते मनात दाबून टाकलं होतं.

भीती वाटल्यावर माझं काय होतं ते सांगितलंच आहे. गुरुवारी पहाटे मी तोंडाचा पट्टा सोडला. "मन नसेल तर सरळ नको म्हणा. पाव बिघडवून कशाला सांगता? त्या पोरीने जीव टाकून सगळं जमवलंय. नाही यायचं तर नका येऊ, मी काय तुम्हाला पोत्यात घालून नेणार आहे?"

हे खाली मान घालून हात पुसत राहिले. "मी कुठे नको म्हटलं," एवढंच बोलले आणि जिना चढून गेले. चहा तसाच राहिला. मी तो मोरीत ओतला आणि मग एकटीच रडले, कारण शटर अजून उघडलं नव्हतं.

दुपारी ठरवलं की लेकीला फोन करायचा आणि सगळं रद्द करायचं. शुक्रवारची वाट कशाला बघायची. फोन वर राहिला होता, तो आणायला गेले. यांची झोप मोडू नये म्हणून चपला खाली काढल्या. दार हळूच ढकललं.

गादीवर कुणी नव्हतं. चादर मी पहाटे घातली तशीच, एक सुरकुती नाही. मोरीत बघितलं, दुसऱ्या खोलीत बघितलं. मग गच्चीचं दार उघडं दिसलं.

भर उन्हात हे आमच्या लाकडी खुर्चीवर बसले होते. पाय पाण्याच्या बादलीत. डोक्यावर ओला रुमाल. डोळे ताणून समोर बघत होते. समोर काय, तर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. मान खाली आली की हे बादलीतलं पाणी तोंडावर मारायचे आणि पुन्हा डोळे ताणायचे. शेजारी दुसरी खुर्ची ठेवलेली होती, रिकामी.

"अहो," मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

चोरी पकडल्यासारखे दचकले. "तू दुकान सोडून वर कशी?"

"मी काय विचारतेय?"

पायाने बादलीतलं पाणी हलवलं. मग म्हणाले, "सवय करतोय."

"कसली?"

"दिवसा जागं राहायची. तू म्हणालीस ना, तिकडे जाऊन मी घोरत पडणार. खरं आहे ते. खुर्चीत बसल्या बसल्या माझा डोळा लागणार, आणि तू एवढी हौसेने येणार, आणि एकटी बसणार. म्हटलं, आतापासून रोज थोडं थोडं जागलं तर जमेल. काल तर बराच वेळ जमलं."

"आणि झोपता कधी?"

"झोपतो की. अधूनमधून."

मी मटकन दुसऱ्या खुर्चीवर बसले. फोटोवाल्याच्या दुकानातलं माझं ते एक वाक्य मी दारातून बाहेर पडतानाच विसरले होते. ते घेऊन हा माणूस उन्हात बसला होता. मला हसू यायला लागलं, आणि ते थांबेना, आणि मग ते रडूच झालं. हे घाबरले. रुमाल डोक्यावरून काढून माझ्यापुढे धरला. तो ओलाच होता.

"अहो, उस्ताद," मी नाक पुसत म्हटलं, "तुम्ही उलटं शिकताय सगळं. आपल्याकडे रात्र असते तेव्हा तिकडे दिवस असतो. लेकीने पाव फिरवून दाखवलं मला. तुम्ही भट्टीवर टक्क जागे असता ना, त्या वेळेला तिकडे ऊन पडलेलं असतं. तुम्हाला काही करायचीच गरज नव्हती. इथे जसे आहात तसे विमानात बसला असता तरी तिथे दिवसभर जागे राहिला असता."

यांनी ते डोक्यात घोळवलं. पीठ किती मऊ झालं ते बघताना करतात तसा चेहरा केला. "मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाले.

"तुम्ही झोपला होतात."

"म्हणजे तिकडे मी जागा असणार."

"हो."

"आणि तू?"

ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. "मी..." म्हटलं, "मी ढाराढूर. माझी तर रात्र असणार ती. खुर्चीत बसले की गेलेच." आणि मला पुन्हा वाईट वाटायला लागलं. एवढा खटाटोप करून पुन्हा तेच, एक जागा आणि एक झोपलेला.

हे मात्र हसले. किती दिवसांनी. "मग काही बिघडलं नाही," म्हणाले. "त्याची मला सवय आहे."

"कशाची?"

"तुला झोपलेली बघायची."

हे पाय बादलीतून काढून पुसायला लागले, जणू काही विशेष बोललेच नाहीत. "पीठ फुगायला ठेवलं की काही काम नसतं मला," म्हणाले. "तेवढ्यात मी वर येऊन जातो. रोजच. तू पांघरूण लाथाडून पार पायाशी नेतेस. ते नीट घालतो, जरा बसतो, आणि खाली जातो. तू उठल्यावर फुशारकी मारतेस, पांघरूण हलत नाही म्हणून. म्हटलं, मारू दे."

एवढी वर्षं मी समजत होते की आमचा संसार पाळीपाळीने झाला, एकाने उठायचं आणि दुसऱ्याने टेकायचं. आणि हा माणूस रोज माझ्या उशाशी येऊन बसत होता, मीच तेवढी हजर नव्हते.

"मला उठवायचं होतं की कधीतरी," मी म्हटलं.

"पहाटे तुला दुकान उघडायचं असतं," हे म्हणाले.

मग आम्ही तिथेच बसलो. खाली दुकान उघडं होतं, मास्तर असतील, पाव उचलून पैसे काउंटरवर ठेवून जातील. बोलायला काही लागलंच नाही. समोर शेजाऱ्यांची टाकी, तिच्यावर एक कावळा. बघता बघता यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. आठवडाभराची झोप होती ती, एकदम कोसळली. ऊन यांच्या तोंडावर येत होतं. मी पदर ओढून सावली धरली आणि यांचा चेहरा बघत बसले. भुवईत मैदा अडकलेला होता. तो मी काढला नाही.

खुर्चीच्या बाजूला यांनी माझा फोन ठेवलेला होता, वेळ बघायला घेतला असावा. तो वाजला. लेक होती.

"आई, तुझा आवाज असा का येतोय? काय ठरलं? हो की नाही?"

"हो," मी म्हटलं. "पक्कं कर. खोली कुठलीही चालेल, पण सावलीत दोन खुर्च्या आहेत ना ते विचार. आणि जवळजवळ ठेवलेल्या आहेत का, तेही."

"बाबा तयार आहेत ना पण? दे त्यांना."

"हळू बोल," मी म्हटलं. "बाबा झोपलेत. आज मी जागी आहे."