मोऱ्याला सोडलेली मांजर

"पोरीच्या पाळण्यात चढली ती मांजर! आई, आज काय तो निकाल लावा. नाय तर मी पोरीला घेऊन कामोठ्याला जाते, माझ्या आईकडं."

सुचिता गच्चीच्या जिन्यात उभी राहून बोलत होती. कडेवर तान्ही पोर, केस सुटलेले, डोळे लाल. तिची सासू गोजराकाकू दोरीवर बोंबील टांगत होती. तिनं नुसती मान वळवली.

"पालन्यात? कवा?"

"आत्ता! मी भांडी घासत होते. येऊन बघते तर उशाशी बसलेली. पोरीचं तोंड हुंगत होती."

"हुंगलाच ना? चावली तर नाय?"

"चावायची वाट बघू का?"

काकूनं पुढचा बोंबील दोरीवर टाकला. तशी ती मांजराची बाजू घेणारी बाई नव्हे. सुकी मासळी विकणारीचं आणि मांजराचं सख्य कुणी ऐकलंय का? त्यात आगोटीचे दिवस. पावसाच्या तोंडावर घराघरांत सुकं भरून ठेवायची घाई उडालेली. तिचा नवरा, नामदेवकाका, मोऱ्याच्या बंदरावरून भाच्याच्या टेम्पोत ओली मासळी आणायचा. काकू ती धुऊन, मीठ लावून गच्चीत वाळवायची आणि सोसायट्यांच्या बाजारात नेऊन विकायची. आमचं गाव उरणच्या वाटेवर. मागं खाडी, पुढं मनोरे. जिथं काकाचा भात डोलायचा तिथं आता लोकांच्या मोटारी उभ्या असतात. राहिली होती ती ही गच्ची, आणि गच्चीवरचं ऊन.

मांजर तिरंगी होती, एका कानानं फाटकी. काकूनं काठी उचलली की पाण्याच्या टाकीमागं दडायची, पाठ वळली की तोंडात बोंबील. अलीकडं तर फारच हावरी झाली होती. वाळलेलं सोडाच, मिठातलंही ओढून न्यायची.

काका जेवायला बसला तेव्हा काकूनं विषय काढला. "त्या रांडंला कुठंतरी लांब सोडून या. सून माहेराला निघाली."

काका तसा मऊ माणूस. भाताचा घास हातात धरून तो विचारात पडला. "मारायचा नाय हां. मोऱ्याला सोडतो. बंदरावर मासलीला तोटा नाय. आपल्यापेक्षा सुखात राहील."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं सुक्या वाकटीचा तुकडा दाखवून तिला जवळ बोलावलं आणि गोणीत घातलं. गोणी थोडा वेळ धडपडली. टेम्पोत टाकल्यावर आतून एकदाच ओरड आली. आम्ही शेजारी आपापल्या दारात दात घासत उभे होतो, आम्हीही ऐकली. मांजर आहे, ओरडायचीच, असंच वाटलं सगळ्यांना.

तो दिवस काकूनं निवांत काढला. काठी कोपऱ्यात ठेवून दिली. पोरगी पाळण्यात झोपली, सुचिताही जरा पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू बोंबील हलवायला वर गेली, तर कुठूनसा बारीक आवाज यायला लागला. सुई टोचावी तसा. आधी तिला पाखरू वाटलं. मग ती टाकीमागं वाकली. तिथं मासळीचं थर्माकोलचं फुटकं खोकं पडलेलं होतं, आणि त्यात सुचिताच्या नवऱ्याची हरवलेली बनियन. बनियनवर मुठीएवढं पिल्लू. डोळे उघडून फार दिवस झाले नसावेत. तोंड उघडायचं, पण दर वेळी आवाज यायचाच असं नाही.

काकू खाली बसली ती बसलीच.

"सुचिता! वर ये गो. धावत ये."

सुचिता आली, वाकली, आणि काही बोलायच्या आत पिल्लू पुन्हा ओरडलं. तशी तिनं झटकन ओढणी छातीशी दाबून धरली. गाऊनवर ओला डाग पसरत चालला होता. पोर तर खाली गाढ झोपलेली.

"आई," ती हळूच म्हणाली, "मला पान्हा आला."

काकूनं सुनेकडं बघितलं, मग खोक्याकडं. "म्हनून खात होती गो ती. दूध हवा ना तिला. जावं त्याच्या वंशा तवा कलं म्हनतात ते खोटा नाय."

मग दोघी लागल्या धडपडीला. वाटीत दूध ठेवलं, तर पिल्लू त्यात नाक बुडवून ठसकलं. काकूनं कापसाचा बोळा केला, आपल्या पोरांना पाजला होता तसा. त्यातून थोडं पोटात गेलं, आणि घटकाभरानं सगळं पातळ होऊन बाहेर आलं. काकू पुसत राहिली. पिल्लू तिच्या पदरात तोंड खुपसून काहीतरी शोधायचं, नाही सापडलं की ओरडायचं.

"माज्याकडं काय हाय रे बाला," काकू म्हणायची, "म्हातारीकडं काय हाय?"

शेवटी सुचितानं समोरच्या सोसायटीतल्या नमिताताईला फोन केला. ही बाई गेटजवळ मांजरांना खायला घालते, म्हणून वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांची बोलणी खाते. पण बोलावल्यावर तशीच आली, हातातलं काम टाकून. येताना दुधाची पावडर आणि ड्रॉपर घेऊन आली.

"काकू, गाईचं दूध नका देऊ, त्याला पचत नाही. ही पावडर कोमट पाण्यात कालवा. थोडं थोडं, सारखं सारखं. आणि पिऊन झालं की ओल्या कापसानं खालून पुसायचं. आई चाटते ना, तसं. त्याशिवाय त्याला शू होत नाही." तिनं पिल्लू तळहातावर घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. "फारच अशक्त आहे हो. याची आई कुठाय?"

 नामदेवकाका जिन्यापाशी उभा होता, तो पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला.

"मीच सोडायला लावली," काकू म्हणाली. "मोऱ्याला. मना ठावं नव्हता याचा."

नमिताताई रागावेल असं जमलेल्या आम्हा शेजाऱ्यांना वाटलं. ती रागावली नाही. "मी डॉक्टरांना विचारते," एवढंच म्हणाली. जाता जाता दारात थांबली. "आई मिळाली तर बघा काकू. एवढ्याशा जिवाला तिच्यासारखं दुसरं काही नाही."

ती गेल्यावर काकू नवऱ्याकडं वळली. "गोनीत घालताना तिचा पोट बगितला नाय तुमी? सड दिसले नाय?"

काकानं आपल्या तळहातांकडं बघितलं. मग म्हणाला, "हाताला लागले होते."

"आनि तरी?"

"मना वाटला, पिल्ला मोठी झाली असतील. टेम्पो थांबला होता, भाचा हाका मारीत होता..." तो पायरीवर टेकला. "मी जातो उद्या. आनतो शोधून."

"तुमी नको. तुमाला बगून ती पलेल. मी जाते."

सकाळी काकूनं मासळी विकायच्या डालकीत सुचिताच्या पोरीचं जुनं झबलं अंथरलं, त्यावर पिल्लू ठेवलं. सुचिता आडवी आली. "आई, त्याला नका नेऊ. ऊन बघा कसलं पडलंय. मी पाजते ना इथं. तुम्ही नुसत्या मांजराला घेऊन या."

"कशी आनू? परत गोनीत घालून? एकदा फसली ती, आता मानसाच्या हाताशी येल? याचा आवाज आयकला तर येल. आवाजावर आय कुठूनबी येते गो."

ते बोलणं सुचितालाही पटलं. तिनं डालकीवर ओलं फडकं टाकून दिलं, ड्रॉपर आणि कालवलेल्या दुधाची बाटली काकूच्या पिशवीत घातली. काकू तीन आसनी रिक्षात बसली. तिथून उरण, आणि उरणहून मोरा.

मोऱ्याला होड्या लागलेल्या होत्या. बर्फ फुटत होता, बायका टोपल्या उपसत होत्या, आणि मांजरं तर पायापायाला. पांढरी, काळी, भुरी, बोटभर शेपटीची. फाटक्या कानाची तिरंगी मात्र नाही. जन्मभर मांजरांमागं काठी घेऊन धावलेली गोजराकाकू डालकी पुढं धरून धक्क्यावरून "माऊ, माऊ" करत फिरायला लागली. दोन पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. काकूला ते दिसलं, पण तिनं हाका थांबवल्या नाहीत. होड्यांच्या आडोशाला वाकून बघितलं, जाळ्यांच्या ढिगामागं बघितलं. पिल्लू मधूनच ओरडायचं, आणि ते ओरडलं की काकू चारी बाजूंना बघायची.

सुक्या जवळ्यातला कचरा निवडत बसलेल्या एका बाईनं तिला हाक मारली. राजश्री तिचं नाव. "काय शोधतेस गो आजी?"

काकूनं डालकीवरचं फडकं सारलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता.

राजश्रीनं हात थांबवले. "फाटक्या कानाची? होती गो. कोनीतरी सोडून गेला तिला. मी मांदेली टाकली, तर तोंड नाय लावला. येईल त्या टेम्पोखाली जाऊन हुंगायची, टेम्पो निघाला की मागं धावायची. आमी म्हटला, पिसालली. मग काल सकाली रस्त्याला लागली, उरनच्या अंगाला. मागं वलून पन बगितला नाय."

"घराकडं निघाली गो ती!" काकूच्या तोंडून निघालं.

"तसाच असंल. पन आजी, तो रस्ता..."  त्या रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर धावतात हे काकूला वेगळं सांगायला नको होतं. राजश्रीनं तांब्याभर गार पाणी आणलं, डालकीवरचं फडकं पुन्हा भिजवून दिलं. "जा लवकर. याचा पोट बग कसा पाठीला लागलाय."

परतीच्या रिक्षात काकू रस्त्याच्या कडेला बघत बसली. कडेला काही पडलेलं दिसलं की ती रिक्षाबाहेर वाकून बघायची. कधी पोतं असायचं, कधी टायरची फाटकी पट्टी. ती नव्हती. कुठंच नव्हती. म्हणजे चालतेय, म्हणजे जिवंत आहे, असं काकू पिल्लाला सांगत होती. "येतेय तुजी आय. जरासा दम धर."

पुढं ट्रेलर अडकले. एकामागं एक, डोळा पोचेल तिथवर. रिक्षा मधोमध उभी. वरून ऊन, बाजूनं इंजिनांची धग. काकूनं ड्रॉपर पिल्लाच्या तोंडाला लावला. दूध आत जाईना, गालावरून ओघळून झबल्यात मुरलं. तिनं पदरानं वारा घातला. ओल्या फडक्यावर बोटं दाबून ती त्याच्या डोक्यावरून फिरवली. त्याचं पोट भराभर हलत होतं, मग हळू हलायला लागलं. मागच्या ट्रेलरनं हॉर्न वाजवला. काकूनं दचकून मागं बघितलं, आणि पुन्हा खाली बघितलं तेव्हा पोट हलत नव्हतं.

"मावशी, कसला वास येतोय? मासली हाय काय डालकीत?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"नाय," काकू म्हणाली. "तू चालव."

गावात उतरली, तर सुचिता गल्लीच्या तोंडापर्यंत धावत आली. कडेवर पोर हिंदकळत होती. "आई, ती आलीय! तुम्ही गेलात आणि थोड्या वेळानं आली. पाय सोलवटलेत, नुसती हाडं राहिलीत. टाकीमागं जाते, खोक्यात बघते, माझ्या तोंडाकडं बघून ओरडते. द्या ना पिल्लू, लवकर द्या..."

काकूनं डालकी दिली नाही. सुचितानं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिचा पुढं केलेला हात तसाच राहिला.

काकू जिना चढली, मागून सुचिता. मांजर रिकाम्या खोक्यात बसली होती. आचळं तटतटून लाल झालेली. काकूला बघून ती पळाली नाही. काकूनं गुडघे टेकले, झबल्यासकट पिल्लू उचललं आणि तिच्यापुढं ठेवलं.

मांजरीनं हुंगलं, आणि चाटायला लागली. डोकं चाटलं, पाठ चाटली, पालथं करून पोट चाटलं. मग कुशीवर पडली आणि पायानं त्याला आचळाशी ओढलं. ते घरंगळलं. तिनं पुन्हा ओढलं. तिच्या घशातून घुर्र घुर्र असा आवाज येत होता. आई पिल्लाला पाजताना करते तोच.

सुचिताला बघवेना. ती खाली गेली, आणि बऱ्याच वेळानं खालून तिच्या हुंदक्यांचा आवाज आला. पोर झोपली होती, तरी तिनं तिला उचलून छातीशी घेतलं होतं.

नामदेवकाका मांदेलीची बशी घेऊन वर आला. बशी खोक्यापाशी ठेवून वरच्या पायरीवर बसला. मांजरीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. ऊन कलायला लागलं, बशीवर माश्या बसल्या.

"उचलू काय गो?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "तिवरांकडं खड्डा करतो. मीठ घालतो वर."

"हात लावू नका."

आणखी थोडा वेळ गेला. मग मांजर उठली. तिनं पिल्लाला मानेला धरून उचललं आणि जिन्याकडं आली. काका वाटेतच बसला होता. त्यानं अंग चोरलं. ती त्याच्या मांडीला घासून खाली उतरली, ज्यानं गोणीत घातलं त्याच्याच मांडीला, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

खाली सुचिता दारात आली. "आई, मेलेलं आहे ते! घेऊन चाललीय. अडवा ना तिला."

"नको," काकू गच्चीच्या कठड्यावरून म्हणाली. "तिचा हाय. आपून एकदा मधी पडलो, तेवढा पुरे."

मांजर भिंतीच्या कडेकडेनं गेली. नव्या रस्त्याचा भराव चढली, पलीकडं उतरली. खाडीच्या अंगाला तिवरांचा हिरवा पट्टा आहे, तिकडं निघाली. लंगडत होती. तोंडातलं पिल्लू पावलागणिक हलत होतं, लांबून बघणाऱ्याला ते जिवंतच वाटलं असतं.

काका काकूच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघं बघत राहिले. तिवरांच्या तोंडाशी ती क्षणभर दिसली, मग दिसेनाशी झाली.

"कुठं नेत असंल गो?" काकानं विचारलं.

काकूनं पदरानं तोंड पुसलं.

"आपल्याला गावनार नाय, अशा जागी."