उद्घाटनाआधीचे नऊ युनिट

"बु, साहेब आज पण येत नाहीत," हे दारातूनच म्हणाले. आमच्याकडे नवरा बायकोला 'बु'च म्हणतो.

पिवळ्या भाताचा डोंगर मी नुकता केळीच्या पानावर उभा केला होता. उद्घाटनाला साहेबांनी त्याचं टोक कापायचं, ही आमच्याकडची रीत. हा तिसरा डोंगर. आधीचे दोन शेजाऱ्यांनी खाल्ले, आणि वर दात काढून खाल्ले.

"मेल्यांना एक फीत कापायला सवड मिळेना!" मी करवादले.

आमचे हे, सुगिमान, गाड्यांच्या नव्या चार्जिंग स्टेशनवर वॉचमन. अकरा महिने यंत्र तयार, वीज आलेली, चाचणी झालेली. अडलं होतं फक्त उद्घाटन. ते झालं की यांना कायम करणार, असा शब्द मिळाला होता. छप्पन्नाव्या वर्षी पहिली पक्की नोकरी! त्या आशेवर हे रोज यंत्रावरचं प्लास्टिक पुसायचे.

पुढच्या आठवड्यात दुपारी डबा द्यायला गेले, तर एक बाई यांच्या विनवण्या करत होती. गाडीत मागे तिचा म्हातारा बाप, तोंड सुजलेलं, धाप लागलेली. डायलिसिसला सोलो शहरातल्या इस्पितळात निघालेले, आणि गाडीची बॅटरी संपत आलेली.

"पाक," काकांना मारावी तशी तिने यांना हाक मारली, "अर्धा तास द्या हो फक्त."

"उद्घाटन नाही झालं, पोरी. मला हुकूम नाही."

"हे बापाला तुम्हीच सांगा मग."

यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, 'नको' अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण म्हाताऱ्याने काचेआडून मलाच मान लववली. मी बाजूला झाले. यांनी प्लास्टिक फाडलं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन स्टेशनवर पोचले, तोच सुपरवायझर आला.

"मीटर शून्यावर ठेवला होता! नऊ युनिट कुठून आले? पहिली गाडी साहेबांची लागायची होती!"

"माहीत नाही म्हणा," मी मागून कुजबुजले.

"मी दिले," हे म्हणाले. "माणूस अडला होता."

"आता तुम्ही अडा."

गणवेश तिथेच उतरवून घेतला. हे बनियनवर घरी आले, भर रस्त्यातून. मीटर पुन्हा शून्यावर आणायला म्हणे पाच मिनिटं लागली.

आणि पंधरा दिवसांत साहेब उगवले!

"जाऊ नका, लाज वाटत नाही?" मी म्हटलं.

"अकरा महिने राखलंय मी ते. बघू तरी."

हे निघाले, मग मीही गेले. साहेबांनी फीत कापली, केबल उचलली, पण प्लग काही बसेना. नवा वॉचमन बावचळला. सुपरवायझरला घाम फुटला. मला मेलीला बरं वाटत होतं. तेवढ्यात हे गर्दीतून पुढे झाले.

"जरा वर उचलून दाबायचा, साहेब."

हिरवा दिवा लागला. टाळ्या पडल्या.

"वा! तुम्ही इथलेच का?" साहेबांनी विचारलं.

सुपरवायझर जमिनीकडे बघत राहिला.

"नाही साहेब. बघायला आलो होतो," हे म्हणाले, आणि फोटोत येऊ नये म्हणून बाजूला सरले.