सत्तेचाळीस की त्रेचाळीस

चौतीस वर्षं मी नववी-दहावीला भूमिती शिकवली. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज इंजिनिअर आहेत, आर्किटेक्ट आहेत, एक तर पूल बांधतो म्हणे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जी शोभा केली ती नीट कळेल.

कर्वेनगरातल्या माझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात बुद्धमूर्ती ठेवायची आणि कडेनं सागवानी पट्टीची चौकट बसवायची, हे कधीचं मनात होतं. सागवान आईच्या पलंगाचं. ती गेल्यावर पलंग मोडला, तेव्हा बाजूच्या फळ्या मी जुन्या साडीत गुंडाळून ठेवल्या होत्या. त्यातून चौकटीपुरत्याच पट्ट्या निघत होत्या, वर वीतभरही नाही.

सुतार दिला सोसायटीच्या सेक्रेटरींनी, हिंमतरावांनी. दशरथ त्याचं नाव. मूळचा वाशीमकडचा, पंधरा वर्षं पुण्यात. बायको कांताबाई त्याच्याबरोबरच पॉलिशचं काम करते. हिंमतराव म्हणाले, "सहा घरांची दारं-कपाटं करून घ्यायची आहेत. त्याआधी तुमच्याकडे याचा हात बघू." म्हणजे परीक्षा त्याची आणि परीक्षक मी. मला काय, तेच आवडतं.

दशरथनं कोनाड्याच्या कोपऱ्यांना गुण्या लावून बघितला. डावीकडचे दोन्ही कोपरे बसले, उजवीकडे गुण्याच्या मागून उजेड दिसायला लागला.

"मॅडम, हे दोन गुण्यात नाहीत जी."

"गुण्या राहू द्या," मी म्हटलं आणि ऑनलाइन मागवलेला डिजिटल कोनमापक काढला. दोन पट्ट्या, मध्ये बिजागरी, बिजागरीवर छोटा पडदा. कोपऱ्यात उघडून धरला की आकडा येतो. डावीकडे वर-खाली नव्वद. उजवीकडे वर चौऱ्याण्णव, खाली शहाऐंशी. बिल्डरनं ती भिंत बहुधा डोळे मिटून बांधली होती.

आता दोन पट्ट्या कोपऱ्यात जुळवायच्या तर कोन निम्मा वाटून घ्यायचा. कोनदुभाजक, आठवीचा धडा. मी प्रत्येक टोकावर पेन्सिलीनं आकडे घातले. डावीकडे पंचेचाळीस, उजवीकडे वर सत्तेचाळीस, खाली त्रेचाळीस.

दशरथ आकडे बघून घुटमळला. "मॅडम, मशीनवर उलटं लावा लागते. चौऱ्याण्णवला त्रेचाळीस."

"चौऱ्याण्णवचे निम्मे त्रेचाळीस कोणत्या शाळेत होतात हो?"

"शाळंचं मले नाही मालूम जी. मशीनचं सांगतो. एखादा रद्दी तुकडा कापून पाहू काय?"

"परवा पौर्णिमा आहे, दहा माणसं यायची आहेत. तुकड्यांशी खेळायला वेळ नाही. लिहिलंय तेच कापा. एक अंश इकडे नको, तिकडे नको."

गॅलरीत त्यानं करवतीचं मशीन लावलं होतं. आधी डावीकडची टोकं कापली. कोपरे असे बसले की सांधा शोधावा लागला. "बघितलंत?" मी म्हटलं. मग त्यानं उजवीकडची टोकं कापली आणि पट्ट्या भिंतीला लावून बघितल्या. वरच्या कोपऱ्यात आतून फट, खालच्या कोपऱ्यात बाहेरून फट. बोट जाईल एवढी! आणि लाकूड संपलेलं.

माझा तोलच गेला. आईचं सागवान होतं ते. "सोपे कोपरे तेवढे जमले, जरा अवघड आलं की घोळ! साधा कोन कापता येत नाही तुम्हाला?"

"तुमी लिवलं तेच कापलं जी," तो शांतपणे म्हणाला. मला तो शांतपणा उद्धटपणा वाटला. मी त्याला सामान उचलायला सांगितलं. दार लावून घेतल्यावर मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: "सूचना. दशरथ सुतार यांस कोणीही काम देऊ नये. त्यांना साधा कोन कापता येत नाही. — सुजाता रणपिसे, निवृत्त भूमिती शिक्षिका." पदवी लिहायचं विसरले, एवढंच.

पौर्णिमेला माणसं आली, खीर झाली, वंदना झाली. पट्ट्या मी चिकटपट्टीनं तशाच लावल्या होत्या. ती फट प्रत्येकाला दिसली आणि मी प्रत्येकाला दशरथची गोष्ट ऐकवली.

चार दिवसांनी जिन्यात हिंमतराव भेटले. "बरं झालं बाई, आधीच कळलं. सहाही घरांचं काम दुसऱ्याला दिलं. पण तो दशरथ म्हणतोय, आकडा बाईंनीच चुकीचा दिला."

माझा आकडा? चुकीचा? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन मी पुठ्ठा घेतला, कंपासपेटीतला कोनमापक घेतला आणि सत्तेचाळीस अंशांची दोन टोकं कापून वरच्या कोपऱ्यात धरली. चपखल बसली. आता बोला! दशरथला फोन लावला, तर तो हिंजवडीत एका फ्लॅटचं काम करत होता. "इकडंच या, मॅडम," म्हणाला. पुठ्ठे आणि डिजिटल कोनमापक पिशवीत घालून मी निघाले. कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीत पावणेदोन तास काढले, पण राग काही उतरला नाही.

दशरथ फ्लॅटच्या हॉलमध्ये होता. कांताबाई कोपऱ्यात बसून दाराला पॉलिश मारत होती. मी पुठ्ठे त्याच्यापुढे धरले. "हे बघा. सत्तेचाळीस आणि सत्तेचाळीस. बसतात. म्हणजे कापण्यात चूक कोणाची?"

त्यानं पुठ्ठे हातात घेऊन बघितले. "हे बराबर हाय," म्हणाला. मग एक रद्दी पट्टी मशीनवर ठेवली, काटा सत्तेचाळीसवर आणून मला दाखवला आणि कापली. "आता तुमच्या यंत्रानं मोजा."

मी टोक मोजलं. त्रेचाळीस. पुसून पुन्हा मोजलं. त्रेचाळीसच.

त्यानं काटा शून्यावर नेला आणि दुसरी पट्टी कापली. टोक सरळ, चौकोनी, काटकोनात. "मशीनचा शून्य हा असा हाय जी. सरळ काप म्हंजे शून्य. तिथून सत्तेचाळीस वळवलं, तर टोकाला नव्वदातले त्रेचाळीस उरते. पंचेचाळीस इकडून मोजा का तिकडून, पंचेचाळीसच. म्हनून डावे कोपरे बसले."

मी तिथल्या एका डब्यावर बसले. वर्गात कोणी असा घोळ घातला असता, तर मी म्हटलं असतं, बाळा, कोन कुठून मोजायचा ते आधी बघावं. दुभाजक माझा बरोबर होता. पण करवतीचं मशीन कुठून मोजतं हे मी विचारलंच नाही. आणि ज्याला ठाऊक होतं त्यानं सांगितलं, तर मी त्याची शाळा काढली. मला फार लाज वाटली.

"आत्ताच ग्रुपवर लिहिते," मी म्हटलं. लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: "दशरथ सुतार यांच्या कामाबाबत काही गैरसमज झाला होता, तो आता दूर झाला आहे."

कांताबाईनं पॉलिशचा बोळा थांबवला. "मंग चुकलं कोन?"

"कोन चुकला नव्हता हो," मी सवयीनं म्हटलं. "कोन बरोबरच मोजला होता."

"तो कोन नाही जी बाई. कोन मानूस चुकलं, ते इचारते मी."

दशरथ तिला गप्प राहा म्हणाला. ती राहिली नाही. "तुमच्या पहिल्या मेसेजमंदी यांचं नाव होतं. ह्याच्यात तुमचं कुठं हाय?"

खरंच नव्हतं. गैरसमज म्हणे झाला होता, जसा काही पाऊस झाला होता. मी ते खोडलं आणि लिहिलं: "चूक माझी. आकडे मी चुकीचे लिहून दिले. दशरथ यांनी बरोबर आकडा सांगितला होता, मी ऐकला नाही. — सुजाता रणपिसे." आणि पाठवून दिलं.

दोन मिनिटांत हिंमतरावांचं उत्तर आलं. मोठेपणा आहे बाई तुमचा, पण काम दुसऱ्याला सांगून झालं, आता शब्द फिरवता येणार नाही. मी ते वाचून दाखवलं. दशरथ "असू द्या" म्हणाला आणि मशीनवरचा भुसा झटकू लागला. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना.

कांताबाई म्हणाली, "सहा घरं गेली ते गेली. पर तुमचा पहिला मेसेज कुठं कुठं गेला, हाय का ठावं? मालधक्क्याच्या लाकूडवाल्याकडं गेला. आमच्या पोरीच्या सासरी गेला. तिचे सासरे सोनबा, तेबी सुतारच. मोठ्या कामाला जोडीला यांनाच बोलवत. चार दिस झाले, फोन नाही."

"नंबर द्या," मी म्हटलं. "सगळ्यांचे द्या. सोनबांना आधी लावते."

तिनं नंबर सांगितला, मी लावला. "मी सुजाता रणपिसे बोलतेय, कर्वेनगरातून. तुमच्याकडे दशरथविषयी एक मेसेज आला असेल, तो मी लिहिलेला. त्यात लिहिलंय ते खोटं आहे. चूक माझी होती, त्यांचं काम बरोबर होतं."

सोनबा म्हणाले, "बाई, थांबा. त्या दिवशी तो मेसेज मी समद्यांसमोर वाचला होता. सून बी होती. बोलवतो समद्यांना, फोन मोठ्या आवाजावर करतो. मग सांगा."

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी टीव्ही बंद केला. "हां, बोला," सोनबा म्हणाले. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.