डॉक्टर नेबोयशांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, मित्रांनो. माझी नळी दोनदा बदलली, कानात घालायची टोकंही नवी आली. छातीला लावायची चकती मात्र मूळचीच आहे आणि तिच्यावर 'नेबोयशा' असं नाव कोरलेलं आहे. मला तोंड नाही. पण इतकं ऐकलंय की आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नेबोयशा हे माझ्या डॉक्टरांचं नाव. ते क्रोएशिया या देशातले, पण वंशाने सर्ब, आणि तिथे सर्ब लोक मूठभर. त्यांचे वडील रेल्वेत सिग्नल सांभाळायचे. मुलगा डॉक्टर झाला त्या दिवशी त्यांनी मला विकत आणलं. पुढे तिथे लढाई पेटली आणि अख्खं गाव ट्रॅक्टरवर बसून पळालं. घरातली भांडी मागे राहिली, फोटो मागे राहिले, मी मात्र डॉक्टरांच्या खिशात होतो. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

बरीच वर्षं इकडेतिकडे काढून आम्ही अबूधाबीला आलो. तिथल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका लहानशा दवाखान्यात डॉक्टर बसू लागले. उन्हाळ्याआधी कंपन्या आपल्या माणसांना बस भरभरून तपासणीला पाठवत. बाकीचे डॉक्टर शर्टावरूनच चकती टेकवून मोकळे व्हायचे. आमचे डॉक्टर मला आधी तळहातावर घासून ऊब आणायचे आणि म्हणायचे, "शर्ट ऊपर, हबीबी." मग डोळे मिटून ऐकायचे. त्या माणसांच्या छातीतली धडधड तेवढ्यानेच निवायची, हे मी स्वतः ऐकलंय.

डॉक्टरांच्या लोकांत स्लावा नावाचा सण असतो. आपल्या कुलदैवताचा दिवस असतो ना, तसा त्यांच्या घराण्याच्या संताचा दिवस. या सणाची एक रीत आहे: कुणाला बोलवायचं नाही. ज्याला आठवण राहील त्याने यावं, आणि आलेल्याला दारातून परत लावू नये. दवाखान्यातली नर्स नौशीन हे उंच टाक्यांवर काम करणाऱ्या वेल्डर तुकारामला सांगून बसली आणि तो गडी डिसेंबरात खरोखरच डॉक्टरांच्या घरी हजर झाला! शिजवलेल्या गव्हात साखर आणि अक्रोड घातलेला प्रसाद त्याने खाल्ला आणि म्हणाला, "डॉक्टरसाब, ये तो हमारे गडहिंग्लज की खीर का सगा भाई है!" डॉक्टर पोट धरून हसले. जाताना त्याला डबा भरून दिला.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये तुकाराम तपासणीला आला. मी छातीला लागलो आणि दचकलो. दोन ठोक्यांच्या मध्ये फुस्स असा आवाज येत होता. हृदयाची झडप गळत होती. डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात तपासून घेतलं, तिथेही तेच निघालं.

"टँक पे चढना खलास," डॉक्टर म्हणाले. "मैं लेटर देगा. शेड में काम."

तुकाराम शर्टाची बटणं लावायची विसरला. "साब, कंपनी घर तो नहीं भेजेगी? दोघी पोरी शिकतायत." शेवटचं वाक्य घाईत मराठीतच निघून गेलं.

नौशीनने ते हिंदीत समजावलं. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पहले मैनेजर से मैं बात करेगा, फिर लेटर. मेरा वर्ड है."

त्याच आठवड्यात, लढाईनंतर गावी परतलेल्या लोकांचा डॉक्टरांना फोन आला. तिथल्या जिल्हा परिषदेत सर्बांसाठी एक राखीव जागा होती. लोक म्हणाले, डॉक्टरवर सगळ्यांचा विश्वास असतो, तुम्हीच उभे राहा. चार दिवसांत आम्ही विमानात बसलो. तुकारामचं पत्र टाइप होऊन फायलीत पडलं होतं. राहिली होती फक्त सही.

निवडणुकीत माझी चंगळ झाली म्हणायची. प्रत्येक सभेत मी गळ्यात, प्रत्येक फोटोत मी पुढे. "आम्ही थोडे आहोत म्हणून आम्हाला कुणी मोजत नाही. मी तीस वर्षं माणसांची हृदयं ऐकली आहेत. तुमचंही ऐकेन!" टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. डॉक्टर निवडून आले. आणि मला मात्र एकाही छातीला कुणी लावलं नाही.

तिकडे मुसफ्फाला काय चाललं होतं ते मला पुढे नौशीनच्या निरोपातून कळलं: नव्या डॉक्टरांनी फाइल पाहून हात वर केले. ज्यांनी निदान केलं त्यांनीच सही करावी, असं त्यांचं म्हणणं. "दुसरा डॉक्टर देख लो, भाई," नौशीन तुकारामला दर महिन्याला विनवायची. तो ऐकेना. "साबने वर्ड दिया है. दुसऱ्याकडे गेलो तर त्यांचा अपमान होईल." अशा भोळेपणाला काय म्हणावं? तो टाकीवर चढतच राहिला.

डिसेंबरात डॉक्टर अबूधाबीत नोकरीला असलेल्या आपल्या लोकांना भेटायला आले. या वेळचा स्लावा हॉटेलच्या हॉलमध्ये होता आणि दारात नावांची यादी घेऊन माणूस उभा होता. तुकाराम आला. इस्त्रीचा शर्ट, एका हातात खिरीचा डबा, दुसऱ्या हातात नौशीनने फायलीतून काढून दिलेलं ते पत्र.

"नाम लिस्ट में नहीं है," दारावरचा म्हणाला.

"लिस्ट? इस त्योहार में तो बुलाते ही नहीं, ऐसाइच आते हैं," तुकाराम म्हणाला.

तेवढ्यात डॉक्टरांची नजर गेली. "माय फ्रेंड!" ते धावले, त्याला हाताला धरून मंचावर घेऊन गेले, आणि कॅमेरे समोर येताच मला त्याच्या छातीला लावलं. शर्टावरूनच. माझी टोकं त्यांच्या मानेवर लोंबत होती, कान मोकळे होते, कारण तोंडासमोर माइक होता.

मित्रांनो, मी ऐकत होतो. तो फुस्स आवाज आता दुप्पट झाला होता. मी जिवाच्या आकांताने तो नळीतून वर पाठवत होतो आणि वर कान नव्हते.

तुकारामने पत्र पुढे केलं. "साब, सिर्फ सही."

"ऑफिस में दे दो. पक्का, इन्शाल्ला." आणि डॉक्टर पुढच्या पाहुण्यांकडे वळले. खिरीचा डबा मंचाच्या पायरीवर तसाच राहिला.

मे महिन्यात तुकाराम टाकीच्या छपरावर दम खायला बसला आणि पुन्हा उठला नाही. नौशीनचा निरोप आला तेव्हा डॉक्टर त्यांच्या गावच्या कार्यालयात होते. त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग दार लावून त्यांनी मला कानात घातलं आणि स्वतःच्या छातीला लावलं. वर्षभरानंतर मला कान मिळाले होते! मी जे खरं तेच ऐकवलं. हृदय ठणठणीत होतं, एक ठोकाही चुकत नव्हता. मला त्याचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी मंचावरचा तो फोटो मोठा करून भिंतीवर लागला. त्याखाली काचेच्या पेटीत मला ठेवलं आणि पाटी लावली: 'ज्यांना कुणी मोजत नाही, त्यांचं ऐकणारा.'

मित्रांनो, म्हातारी वस्तू शेवटी म्हणते, मला जपा. मी नाही म्हणणार. माझ्यावर धूळ बसू दे, नळी तडकू दे. फक्त कधी कुणाच्या छातीला कान लावलात, तर जे ऐकू येईल त्याखाली त्याच दिवशी सही करा.