वाऱ्याचा डोळा

शब्दांच्या मुळाशी जाणाऱ्या माणसाला मत्सर शिवत नाही. इंग्रजी शब्दांचा कोश करणाऱ्या आमच्या कचेरीत बावीस वर्षं मी हे ठामपणे सांगत आलो. मग माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी वर्तमानपत्रात शब्दांच्या मुळांवर सदर लिहू लागला, आणि माझी बायको ते वाचू लागली.

"अहो, ऐका ना," रविवारी चहा गाळता गाळता ती म्हणाली. "'विंडो' म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा शब्द, त्यांच्याकडून इंग्रजीत आला. भिंतीला नुसतं भोक, काच नाही, काही नाही. त्यातून वारा घरात डोकावायचा. काय लिहितो हो माणूस!"

"वारा डोकावत नाही. वाहतो."

"तुम्हाला नाही कळायचं."

"बावीस वर्षं मी तेच काम करतोय."

"तेच तर म्हणतेय."

तिने ते कात्रण जपून पर्समध्ये ठेवलं. बहिणीला दाखवायला म्हणे. आमच्या कोशाचं एक पानही आजवर तिच्या बहिणीपर्यंत पोचलेलं नव्हतं.

सोमवारी मी सहकाऱ्याची चूक शोधायला कार्डांचं कपाट उघडलं. आमच्याकडे प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असतं, त्यावर जास्तीत जास्त तीन ओळी, आणि खाली लिहिणाऱ्याची सही. 'विंडो'चं कार्ड निघालं. अठरा वर्षांपूर्वीचं. 'नाम. खिडकी. मूळ : प्राचीन नॉर्स, वारा + डोळा.' खाली सही माझीच.

म्हणजे गड्याने माझ्याच विहिरीचं पाणी काढून गावभर सरबत वाटलं होतं. इतका आनंद मला पगारवाढीलाही झाला नव्हता. कार्ड इमारतीबाहेर न्यायला सक्त मनाई आहे. ते शर्टाच्या आत, बनियनला चिकटवून मी घरी आणलं.

"हे अक्षर कुणाचं?"

तिने चष्मा लावला. "तुमचं. घामाने भिजलंय."

"तारीख बघ."

तिने बघितली. बराच वेळ बघितली. मी कौतुकाच्या तयारीत उभा.

"म्हणजे अठरा वर्षं तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"अर्थात."

"आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत."

याचं उत्तर तीन ओळींत बसेना.

"बरं, कोशात तरी छापलंत ना? तेच दाखवते बहिणीला."

"छापायचंय."

"कधी?"

छापील कोश सध्या 'एच'पर्यंत आला आहे.