आभाळाचं भोक आणि साहेबांची खिडकी

निरीक्षकबाई आभाळाकडे बघायला लागल्या तेव्हा साहेब शाळेत पाढे म्हणत असतील. एकवीस वर्षं त्या दर तीन तासांनी हवामान केंद्राच्या गच्चीवर जातात, मान अवघडेपर्यंत ढग बघतात आणि वहीत नोंद करतात. आणि या नव्या साहेबांनी खुर्चीवरून न हलता त्यांची सकाळची नोंद खोडली होती. तीही लाल शाईने!

नोंद साधीच होती: 'पातळ ढगाच्या थरात मोठं गोल भोक, मधोमध बर्फाची शेपटी.'

"बाई, ढगाला कधी भोक पडतं का? चष्म्याचा नंबर तपासून घ्या." साहेबांच्या संगणकावर तासाभरापूर्वीचं उपग्रहाचं चित्र होतं, त्यात थर अखंड दिसत होता. "खोडलंय त्याखाली सही करा. नाहीतर वर कळवतो, तुमच्याकडून निरीक्षणाचं काम काढून घेतील."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, त्या थरातले थेंब शून्याच्या खाली जाऊनही गोठलेले नसतात. त्यातून विमान गेलं की थोडे गोठतात. मग ते बर्फाचे कण आजूबाजूची वाफ ओढून घेतात, वाढतात, खाली झरतात. उरलेले थेंब विरून जातात. पडलं भोक! एकवीस वर्षांत आज दुसऱ्यांदा दिसलंय. अजून आहे. चला वर, बावीसच पायऱ्या आहेत."

"मला कामं आहेत."

कामं म्हणे! खोलीला एवढी मोठी खिडकी, आणि एसीची हवा जाऊ नये म्हणून ती बंद आणि पडदा कायम ओढलेला.

तेवढ्यात बाईंच्या धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, आभाळाला केवढं भगदाड पडलंय, बघितलंत का?" तिचा आवाज खोलीभर ऐकू गेला.

"घरच्यांची साक्ष चालत नाही," साहेब म्हणाले.

केंद्राचा नियम जुना आहे: नोंद खोडायची तर एकच रेघ, शेजारी कारण, खाली सही. साहेबांनी रेघ मारली होती, कारणाची जागा मात्र कोरी सोडली होती. बाईंनी वही पुढे ओढली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'कारण: साहेबांनी खिडकी उघडली नाही.' खाली तारीख, वेळ आणि झोकात सही.

"हे काय लिहिलंत? खोडा आधी!"

"तुम्हीच खोडा ना. फक्त शेजारी कारण लिहा."

साहेबांनी लाल पेन उचललं, वहीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. बाई तोवर जिन्यात पोचल्या होत्या. भोक बुजायच्या आत त्यांना ते मोजायचं होतं.